कैरी की लिंबू

मंगळवारी शकुंतला घोरपडे लोणच्याच्या बरण्यांना झाकणं लावत होती, तेव्हा बातमी आली: कारखान्याच्या स्नेहसंमेलनात रस्सीखेचीच्या दोन संघांची वाटणी यंदा तिने करायची.

दरवर्षी मॅनेजर बेडेकरसाहेब सगळे तगडे हमाल आपल्या बाजूला घेत. हरणाऱ्यांनी सगळ्यांना वाढायचं आणि शेवटच्या पंगतीला बसायचं, हा रिवाज. सहा वर्षं फोडी करणाऱ्या बायकांनी गार मसालेभात खाल्ला होता. शकुंतलाने तक्रार केली, म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं.

मैदानावर दोनशे माणसं जमली. "पाच मिनिटं देतो, शकुंतलाबाई," साहेब म्हणाले. "आणि आपली बाजू आधी निवडण्याचा मान माझाच. तो मी सोडणार नाही."

"सोडू नका की!" म्हणत तिने माइक घेतला. "प्रत्येकाने आपल्या तोडीचा जोडीदार शोधा. जोडीतल्या एकाने कैरी व्हायचं, दुसऱ्याने लिंबू. कोण काय ते साहेबांना सांगायचं नाही."

हमालाशेजारी हमाल उभा राहिला, बाईशेजारी बाई. तीन मिनिटांत जोड्या लागल्या.

"निवडा, साहेब. कैरी की लिंबू?"

साहेबांनी धिप्पाड दत्तू हमालाकडे आशेने पाहिलं. दत्तू आभाळ न्याहाळत होता.

"अहो, पण तगडे कुठल्या बाजूला?"

"दोन्हीकडे, साहेब. तुम्ही कुठेही उभे राहिलात तरी तुम्हाला कमीपणा यायला नको!"

मैदान खदखदून हसलं. "कैरी," साहेब पुटपुटले.

दोर बराच वेळ जागचा हलेना. अखेर कैरी हरली. साहेबांनी बाह्या सरसावून भाताची बादली उचलली आणि लिंबू झालेली शकुंतला पहिल्या पंगतीत बसली.

दरवर्षी साहेब स्वतः निकाल कारखान्याच्या फळ्यावर लिहीत; यंदा तेवढा लिहायचा राहून गेला.