वळणावरची फांदी

"चूक कोणाची, ते आधी सांगा बुवा!"

रेग्यांनी असंच विचारलं होतं, की याहून उद्धटपणे, हे त्यांना आता खात्रीनं सांगता येत नाही. वय झालं; आठवणींचा काय भरवसा! पण आवाज चढला होता, एवढं नक्की.

घाटमाथ्यावरच्या मठात निरंजनबुवा शेंगा सोलत बसले होते. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक रेगे एरवी त्यांच्याकडे वाद घालायला येत. त्या दिवशी मात्र तणतणतच आले.

"मी घाट चढतोय, आणि हा टेम्पोवाला उतारावरून थेट अंगावर! वर मलाच म्हणतो, गाडी मागं घ्या. मी त्याची किल्ली काढली आणि दिली दरीत भिरकावून. मग कडेच्या चरातून माझी गाडी घासत काढून वर आलो."

"टेम्पो कुठाय?"

"आंधळ्या वळणावर. बसू दे तिथंच बोंबलत."

बुवा उठले. कुंपणातल्या निरगुडीची चांगली मोठी फांदी मोडली. घाटात गाडी बंद पडली की अलीकडे-पलीकडे हिरवा पाला धरतात. येणारा सावध होतो.

फांदी त्यांनी रेग्यांपुढे केली.

"मी माफी मागणार नाही."

"माग म्हटलं कोणी?"

"चूक त्याची आहे!"

"मग भांड की. तिथं जाऊन भांड."

…

रेगे गेले. वळणाच्या खालच्या अंगाला फांदी घेऊन उभे राहिले. वरच्या अंगाला टेम्पोवाला हणमंता, त्याच्याही हातात करंजाची डहाळी.

"या मास्तर! किल्ली हुडकाय आलासा व्हय?"

"तोंड सांभाळ! नियम ठाऊक आहे का तुला?"

"तुमास्नी हाय न्हवं? मग हलवा जोरात, खालनं यष्टी येतीया!"

एसटी आली, खच्चून भरलेली. रेग्यांनी जिवाच्या आकांतानं फांदी हलवली. करकचून ब्रेक लागला. टेम्पोपासून हातभर अंतरावर बस थांबली.



मग भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

कित्येक वर्षांनी रेग्यांनी वाहतुकीचे नियम मिळवून वाचले. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असं तिथं स्पष्ट लिहिलं होतं. ते तडक मठात गेले.

"बुवा, तेव्हा बरोबर मीच होतो!"

"ठाऊक होतं," बुवा म्हणाले. "बरोबर असेल त्यानंच आधी फांदी धरायची. म्हणून तर तुला पाठवलं."