पंतोजींची चुकलेली सरासरी

डोंगराआडच्या एका गावात, फार जुन्या काळी, गिरमाजी नावाचे एक पंतोजी मुलांना शिकवत असत. शाळा म्हणजे गवताने शाकारलेली एक पडवी, सारवलेली जमीन आणि चुन्याने पांढरी केलेली एक लांबलचक भिंत. पण पंतोजींचा दरारा मोठा. तीस वर्षांत त्यांचं गणित चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. "पंतोजी म्हणाले," एवढं म्हटलं की गावातला वाद मिटत असे.

एका वर्षी दसऱ्यानंतर पंतोजींनी मोठ्या मुलांना भिंतीसमोर बसवलं आणि कोळशाने तीन ओळी लिहिल्या. पहिली, अख्ख्याचा तुकडा ओळखता यावा. दुसरी, तुकड्याचाही दहावा हिस्सा मोजता यावा. तिसरी, आकड्यांचा ढीग पडला तर त्यातून खरी गोष्ट काढता यावी.

"वर्षाअखेर या तीन गोष्टी तुम्हाला आल्या पाहिजेत," ते म्हणाले. "नाही आल्या, तर नापास मी."

गावाला याचं हसू आलं. पाटील म्हणाले, "पंतोजी, आमच्या वेळी पावकी-निमकी घोकली की झालं. एक पाव पाव, दोन पाव अर्धा! दहाव्याचा दहावा हिस्सा कुणाला लागतो?"

"लागेल तेव्हा कळेल," पंतोजी म्हणाले.

शिकवणं काही सोपं गेलं नाही. तेल्याचा भिवा हटूनच बसला. "पाच दशांशापेक्षा पंधरा शतांश मोठे," तो म्हणे. "पाचापेक्षा पंधरा मोठे की नाही?" पंतोजींनी वाद घातला नाही. त्यांनी उसाचं एक कांडं आणलं, त्याचे दहा सारखे तुकडे केले आणि त्यांतल्या दोन तुकड्यांचे पुन्हा दहा-दहा बारीक काप केले. मग एका हातावर पाच तुकडे ठेवले, दुसऱ्या हातावर पंधरा काप.

"घे, कुठला हात हवा?"

भिवाने क्षणभर पाहिलं आणि पाच तुकड्यांचा हात धरला. सगळी मुलं हसली, भिवाही हसला, आणि ऊस सगळ्यांनी मिळून खाल्ला. त्या दिवसानंतर भिवा कधी फसला नाही.

या मुलांत येसू नावाची कोष्ट्याची एक मुलगी होती. अकरा वर्षांची, बोलायला कमी. पण एखादी गोष्ट पटली नाही की तिच्या कपाळाला बारीक आठी पडायची आणि पटेपर्यंत ती जात नसे.

गावाच्या वरच्या अंगाला काळ्या दगडात बांधलेलं एक चौकोनी तळं होतं. भिंती सरळ खाली उतरलेल्या. गावाचं पिणं, गुरांचं पाणी, सगळं त्यावरच. पायऱ्यांशेजारच्या दगडी खांबावर हाता-हातावर खुणा होत्या, पण दोन खुणांच्या मधलं पाणी मोजायला काही नव्हतं. पंतोजींनी हातभर लांबीचा बांबू घेतला, त्यावर दहा रेघा पाडल्या, प्रत्येक दोन रेघांमध्ये पुन्हा दहा बारीक रेघा पाडल्या आणि तो मुलांच्या हाती दिला.

"संक्रांतीपासून रोज सकाळी पाणी मोजायचं. भिंतीवर लिहायचं. एक दिवसही चुकवायचा नाही."

त्या दिवशी तळ्यात अठरा हात पाणी होतं. मुलं रोज जात. थंडीत हात आखडत, तरी जात. दर दहा दिवसांनी पाणी किती उतरलं ते काढून भिंतीवर तेवढ्या उंचीचा कोळशाचा एक पट्टा ओढत. पहिला पट्टा अर्ध्या हाताचा, दुसराही तेवढाच, तिसरा किंचित उंच. असे नव्वद दिवसांत नऊ पट्टे उभे राहिले.

पाडवा झाला आणि राजधानीहून कारभारी आले. पालखी, दोन भालदार, ताटात घडी केलेली जरीची शाल. सारा गाव शाळेपुढे जमला.

कारभारी म्हणाले, "महाराजांनी नवी बाग लावली आहे. रोपांना पाणी हवं. तुमच्या तळ्यातून पाटाने तीन हात पाणी सोडता येईल का? महाराजांची आज्ञा आहे, गावाला पुरून उरलं तरच घ्यायचं. म्हणून मी पंतोजींकडे आलो. तुम्ही रोज पाणी मोजता म्हणे. सांगा, उरतं का? उरलं तर ही शाल तुमची, आणि शाळेवर पक्की कौलं."

पंतोजी भिंतीपुढे उभे राहिले. सारा गाव बघत होता. असा दिवस त्यांच्या आयुष्यात पूर्वी आला नव्हता.

"अठरा हात होतं, आज नऊ आहे," ते खणखणीत आवाजात म्हणाले आणि भिंतीच्या कोपऱ्यात कोळशाने गणित मांडत गेले. "नव्वद दिवसांत नऊ हात उतरलं. सरासरी काढली तर रोज एक दशांश हात. मृगाचा पाऊस साठ दिवसांवर आहे. साठ दिवसांना सहा हात लागतील. नवांतून सहा गेले, राहिले तीन. तीन हात उरतं, कारभारीसाहेब!"

लोकांनी टाळ्या पिटल्या. पाटलांनी मान डोलावली. कारभाऱ्यांनी शालीचं ताट पुढे करायला सांगितलं.

मुलांच्या रांगेत येसू उभी होती. ती शालीकडे बघत नव्हती. भिंतीवरच्या पट्ट्यांकडे बघत होती, आणि तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "उरत नाही."

टाळ्या थांबल्या. पाटील खेकसले, "गप बस, पोरी! पंतोजींना शिकवतेस?"

पंतोजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तीस वर्षांत त्यांना कुणी 'चुकलात' म्हटलं नव्हतं. आणि आज म्हणत होती ती त्यांचीच पोर, सगळ्या गावासमोर. तिला दटावून खाली बसवणं सोपं होतं. शाल हातभर अंतरावर होती. एक शब्द पुरला असता.

त्यांनी येसूकडे पाहिलं. तिने नजर खाली घातली नव्हती.

"ये, बाळ. भिंतीपाशी ये," पंतोजी म्हणाले. "का उरत नाही ते सांग."

येसू पुढे आली. तिने पहिल्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "गुरुजी, तुमची सरासरी बरोबर आहे. पण ती नव्वद दिवसांची आहे. हा पट्टा थंडीतला. दहा दिवसांत पाणी नुसतं अर्धा हात उतरलं. आणि हे शेवटचे दोन पट्टे बघा. दीड हात, दीड हात. म्हणजे आता रोज पंधरा शतांश उतरतंय. थंडीतले दिवस मागे गेले. पुढचे सगळे उन्हाळ्याचे."

"सरासरी ती सरासरी," कारभारी म्हणाले. "पोरीच्या बोलण्याने ती बदलते का?"

येसू कारभाऱ्यांकडे वळली. मग म्हणाली, "साहेब, थंडीत आई दिवसाला एक घागर आणायची. आता दोन लागतात. सरासरी दीड. पण आज आईने दीडच घागर आणली, तर संध्याकाळी आम्ही तहानलेले राहू."

बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "खरंय गं बाई!"

"मग साठ दिवसांना किती लागेल?" पंतोजींनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

"रोजचे पंधरा शतांश, साठ दिवस. नऊ हात, गुरुजी. तळ्यात आहेत तेवढे सगळे. तीन हात दिले तर चाळिसाव्या दिवशी तळं कोरडं."

पंतोजींनी पट्टे पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिले. शेवटचे दोन पट्टे तिथेच होते, आधीही होते. शालीच्या झगमगाटात त्यांनीच ते पाहिले नव्हते. अपमानाची जी कळ छातीत उठली होती, ती कुठल्या कुठे गेली. समोर अकरा वर्षांची मुलगी तुकडे ओळखत होती, शतांश मोजत होती आणि आकड्यांच्या ढिगातून खरी गोष्ट काढत होती. एवढ्यासाठीच तर दसऱ्यापासून घासलं होतं.

"पंतोजी," कारभारी हळूच म्हणाले, "शाळेची कौलं या तीन हात पाण्यावर आहेत. नीट विचार करून बोला."

पंतोजींनी कोळसा येसूच्या हाती दिला आणि ते गावाकडे वळले. "माझं गणित चुकलं," ते मोठ्याने म्हणाले. "येसूचं बरोबर आहे. गावाला पुरून एक थेंब उरत नाही."

कारभाऱ्यांचा चेहरा पडला. पण आज्ञा आज्ञा होती, आणि सगळ्या गावाने कानांनी ऐकलं होतं. शालीचं ताट परत पालखीत गेलं, पालखी घाटाकडे वळली. भिवाने विचारलं, "गुरुजी, वाईट वाटलं?"

"शालीचं थोडं वाटलं," पंतोजी म्हणाले. "खोटं कशाला बोलू?"

त्या दिवसापासून गाव जपून राहिलं. गुरं धुणं बंद झालं, घरटी अर्धी घागर वाचू लागली. मुलं रोज मोजत आणि संध्याकाळी पारावर आकडा सांगत. पंधरा शतांशांवरून उतार बारा शतांशांवर आला. ज्या पाटलांना दहाव्याचा दहावा हिस्सा कुणाला लागतो असं वाटे, तेच आता विचारू लागले, "पोरांनो, आज किती शतांश?"

आणि त्या वर्षी मृग कोरडा गेला. साठ दिवस झाले, सत्तर झाले. खालच्या अंगाच्या एका गावाने नुसत्या अंदाजावर बागेला पाणी सोडलं होतं. ते गाव गुरंढोरं घेऊन नदीकाठी झिरे खणत बसलं. इकडे चौऱ्याहत्तराव्या दिवशी आर्द्रा नक्षत्राच्या पावसाने हात दिला, तेव्हा मुलांनी शेवटचं माप घेतलं. तळ्यात बारा शतांश हात पाणी होतं. फक्त एका दिवसाचं. पण गावातलं एकही माणूस, एकही जनावर गाव सोडून गेलं नव्हतं.

ही गोष्ट महाराजांच्या कानावर गेली. पुढच्या वर्षी तेच कारभारी पुन्हा आले. या वेळी शाल नव्हती. बरोबर दहा गावांचे दहा पंतोजी होते. महाराजांनी त्यांना ती भिंत पाहून यायला सांगितलं होतं. पट्टे कसे ओढायचे, शतांश कसे वाचायचे, हे त्यांना येसूने आणि भिवाने समजावून सांगितलं. मोठमोठ्या पगड्या खाली वाकून ऐकत होत्या.

त्यांतल्या एका तरुण पंतोजींना भिंतीवर एका कोपऱ्यात खोडलेलं गणित दिसलं. नवांतून सहा गेले, राहिले तीन. त्यावर आडवी रेघ मारलेली होती. त्यांनी विचारलं, "हे चुकलेलं गणित कुणा विद्यार्थ्याचं? पुसून का टाकलं नाही?"

गिरमाजी पंतोजी छाती पुढे काढून उभे राहिले. जरीची शाल अंगावर असती, तरी ते इतके ताठ उभे राहिले नसते.

"ते गणित माझं आहे," ते म्हणाले, "आणि ती रेघ माझ्या विद्यार्थिनीची."

तात्पर्य: शिकवलेलं मुलांच्या अंगी खरोखर मुरलं, हे ती गुरूची चूक दाखवतात तेव्हा कळतं, आणि ती चूक चारचौघांत कबूल करण्यात गुरूची मान खाली जात नाही, वर जाते.