म्हाताऱ्या नळीनं तोंड उघडलं

यंत्रं माणसांशी अजून बोलत होती, त्या काळची गोष्ट. धैर्यशीलरावांकडे एक जुनी, लाल शर्यतीची मोटार होती. रंग कसा आरशासारखा, पण बॉनेटखाली बघायला कोणाला फुरसत? तिथली पेट्रोलची रबरी नळी पार म्हातारी झाली होती. अंगाला भेगा पडलेल्या.

दसऱ्याच्या सकाळी ती इंजिनाला म्हणाली, "मी पाझरतेय रे."

"गप बस," इंजिन खेकसलं. "सणासुदीला रडगाणं नको. बोललीस तर काढून फेकतील."

ते खरंच होतं, म्हणून नळी गप्प राहिली. रावांनी बॉनेट उघडून झेंडूची माळ घातली. उर्मिलाबाई निरांजन घेऊन आल्या.

"इंजिनालाही ओवाळ गं," राव म्हणाले.

ज्योत खाली येऊ लागली. नळीच्या अंगावर पेट्रोलचा थेंब लोंबत होता. फेकतील तर फेकू देत, असं ठरवून ती म्हणाली, "बाई, निरांजन मागं न्या. मी फुटलेय."

बाई झटकन मागं सरल्या. "अहो, रंगावरून रोज हात फिरवता. कधी इथं फिरवलात?"

राव वरमले. त्याच दिवशी नवी नळी बसली आणि जुनी भंगाराच्या डब्यात गेली. संध्याकाळी मोटार पोराबाळांना घेऊन सोनं वाटायला निघाली. डब्यातल्या नळीला इंजिनाचा आवाज ऐकू आला.

"पोरी," ते नव्या नळीला सांगत होतं, "कुठं चिरलीस तर लगेच बोल. सण असो नाहीतर सुतक."

म्हातारीनं निवांत अंग सैल सोडलं.