पेढ्याचं शिळं पाणी

“...माणसाच्या लेकराला तुमची फुंकर चालते, मग याला का नाही चालणार, बाबा?”

असं म्हणून वृषालीनं बादली पुढे सरकवली.

दर्ग्यामागच्या चिंचेखाली दस्तगीरबाबा बसायचे. तापानं फणफणलेल्या लेकरांच्या आया पाण्याची बाटली घेऊन यायच्या. बाबा काहीतरी पुटपुटायचे, बाटलीत फुंकर मारायचे. वृषालीनंही भरलेली बाटली आणली होती. आणि ही बादली.

बाबा वाकले. बर्फ झालेली एक लहान बाटली पाण्यात तरंगत होती. तिच्या कडेला चार पायांचं, रुंद तोंडाचं, फिकट गुलाबी काहीतरी निपचित पडलं होतं.

“पाल आहे का गं?”

“काहीतरीच काय बाबा! ॲक्सोलॉटल आहे. पाण्यातच राहतो. उष्मा सोसत नाही त्याला, म्हणून बर्फ घातलाय.”

“काय नाव म्हणालीस?”

“ॲक्सोलॉटल.”

“ही हाक पुरी होईपर्यंत तो झोपून जायचा.”

“घरी पेढाच म्हणतो. लेकीनं ठेवलंय. गार्गीनं.”

बाबा हसले. वृषालीला काही हसू आलं नाही.

“डोक्याला लाल तुरे होते याच्या, पिसांसारखे. झडत चाललेत. गांडूळ तोंडापाशी नेलं तरी मान फिरवतो. अंगावर कापसासारखं काय काय आलंय. दुकानदारानं औषध दिलं, तेही झालं...”

“मासे-बेडकं मरतात, बेटी. तू एवढी कासावीस का?”

वृषालीनं बर्फाची बाटली बोटानं जरा बाजूला सारली.

“गार्गी आता तिच्या वडिलांकडे असते. कोर्टात तसं ठरलं. दिवाळीला येणार आहे. फोनवर म्हणाली, पेढ्याला भेटायला येते...”

...

“पेढ्याला म्हणाली, बाबा. मला नाही.”

चिंचेचं एक बारीक पान बादलीत पडलं. वृषालीनं ते लगेच चिमटीत धरून बाहेर टाकलं.

“हा गेला, तर ती कशाला येईल?”

बाबांनी विचारलं, “लेकीच्या हाताखाली कधी आजारी पडला होता?”

“कधीच नाही. आणि ती तर ही एवढी आळशी! आठवड्यातून एकदा काचेच्या टाकीतलं थोडंसं पाणी काढायची, बाकीचं तसंच. फिल्टरचा स्पंज त्याच्याच पाण्यात बुचकळायची आणि परत लावायची. किती ओरडायचे मी तिला! आता या की घरी, बघा टाकी. रात्रीचं शिळं पाणी रोज सकाळी सगळं ओतून देते. नळाचं ताजं भरते. स्पंज साबणानं धुते. काचेत तोंड बघून घ्यावं. आमच्याकडे हंड्यातलं शिळं पाणी माणसं पीत नाहीत, मग मुक्या जिवाला त्यात ठेवायचं का?”

बोलता बोलता तिची नजर शेजारच्या दगडी हौदावर गेली. कडेला हिरवंगार शेवाळ होतं. आत मासे फिरत होते.

“अगंबाई! हे कुणी घासत नाही वाटतं?” ती उठली, ओढणी कमरेला खोचली. “नारळाची शेंडी असली तर द्या. आत्ता लख्ख करून देते.”

शेंडीची वाट न बघता तिनं तळहातानंच कड खरवडायला घेतली.

बाबांनी काठी आडवी धरली.

“राहू दे. तिथं वस्ती आहे.”

ती परत येऊन बसली. रागच आला होता थोडा.

“बरं. फुंकर मारताय ना?”

“लेकीची खोली कशी ठेवलीस?”

“कशी म्हणजे? स्वच्छ.”

“पांघरूण?”

“धुतलं.”

“कपडे?”

“धुऊन, इस्त्री करून कपाटात.”

“उशीचा अभ्रा?”

...

“अभ्रा गं, बेटी?”

वृषालीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. परत गुंडाळलं.

“तो नाही धुतला.”

“का?”

“तिच्या डोक्याच्या तेलाचा वास...” तिनं ओढणीचं टोक सोडून दिलं. “मी झोपताना जवळ घेते तो. वास कमी कमी होत चाललाय. म्हणून आता रोज घेत नाही, पुरवून घेते... मळलाय, दिसतंय मला. पण धुतला तर काहीच राहणार नाही, बाबा.”

बादलीत पेढा जरासा हलला. एक पाय उचलला, तो तसाच पाण्यात अधांतरी राहिला.

बाबांनी तिची बाटली उचलली. झाकण काढलं. ते तोंडाशी नेतील म्हणून वृषालीनं हात जोडले.

बाबांनी बाटली चिंचेच्या मुळाशी उपडी केली. ते नळाचं ताजं पाणी मातीत जिरेपर्यंत बघत राहिले. मग रिकामी बाटली तिच्या हातात दिली.

“अहो बाबा, आणि फुंकर?”

बाबांनी बादली उचलून हळूच तिच्याजवळ ठेवली.

“घरी जा, बेटी. त्यालाही त्याचा अभ्रा राहू दे.”