भिवरेचं कच्चं मडकं

फार मागची गोष्ट. वर्धेकाठच्या लालगोट्याला तेव्हा लालगोटा म्हणत नसत, कारण टेकडीवर लाल दगडच नव्हते. गावात भिवरा नावाची कुंभारीण होती. घरात ती आणि सासू, दोघीच. भिवरेच्या हाताला असा गुण, की तिच्या माठातलं पाणी पाहुणा मागून प्यायचा. पण मडकी भाजायचा आवा पेटवायला सरपण आणता आणता बिचारीचा जीव मेटाकुटीला यायचा.

एका हिवाळ्यात तिला टेकडीवर एक भेग दिसली. भेगेभोवती दव पडत नव्हतं, आतून धग येत होती. जमिनीच्या पोटातला दगडी कोळसा आपोआप पेटला होता, पण हे तिला कुठून कळणार? तिनं कच्ची मडकी आत ठेवली आणि ती खणखणीत भाजून निघाली. गावानं तिला डोक्यावर घेतलं, असं म्हणतात. मग ज्याला त्याला रांजण हवा झाला.

रांजण काही भेगेत मावेना. तिनं कुदळ उचलली.

सासू म्हणाली, "भिवरे, आयत्या आगीले तोंड नोको देऊ वं. आव्याचं तोंड उघडलं का आग आवरत नाही."

"एवढे रांजण होऊ द्या, आत्याबाई. मंग बुजवून टाकू."

तोंड मोठं झालं, वारा आत शिरला आणि टेकडी धडधडू लागली. माती विटेसारखी लाल झाली. दगड वितळून कढईतल्या गुळासारखे ओघळले, असं म्हणतात. आग जमिनीखालून गावाकडे सरकली. विहिरीचं पाणी कढत झालं, उभे कडुनिंब वाळले.

भिवरेला एकच उपाय ठाऊक होता, मातीनं तोंड लिंपायचा. ती दारोदार फिरली. "एक एक टोपलं माती टाका वं माय!" पण रांजण मागणाऱ्यांनीच कानांवर हात ठेवले. "तुह्या हातानं झालं, तूच निस्तर," म्हणाले आणि गाठोडी बांधू लागले. वाईट वाटतं ते याचंच.

एकटी ती कुठवर पुरणार? बाहेरून लिंपलेलं तडकून पडायचं. शेवटी टोपलं घेऊन ती आत शिरली आणि आतून लिंपत गेली, असं म्हणतात. सकाळी तोंड बंद होतं, जमीन निवत होती, गाव वाचलं होतं. भाजून लाल दगड झालेल्या त्या लिंपणावर पाच बोटांचे फुगवटे होते, आतून दाबल्यासारखे. सासू त्या दगडाशी बसून राहिली. "चाल वं घरी," एवढंच म्हणत राहिली.

अजूनही मृगाच्या तोंडावर लालगोट्याचं प्रत्येक घर टेकडीवर एक मडकं नेऊन ठेवतं. भाजलेलं चालत नाही, कच्चंच लागतं. पावसात ते विरघळतं आणि त्याची माती भेगांत उतरते.

भिवरेनं एवढंच तर मागितलं होतं.