मक्याचे लांब केस

ऐका बाळांनो, आणि मागे टेकून बसलेल्या आजोबांनीही ऐका. फार फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात दोन भाऊ मका पिकवत. थोरल्याने वर्षानुवर्षे निवडून लाल दाण्याचा एक वाण तयार केला होता. त्याचं सगळं बी त्याने एका वाफ्यात पेरलं, आणि कणसं धरायच्या आतच तो तापाने गेला.

धाकट्याला रडू आवरेना. माणूस गेला की त्याच्या शेतातला एक तुरा चितेच्या जागी वाहायचा, अशी तिथली रीत. धाकट्याने वाफ्यातल्या मक्याच्या शेंड्यांवरचे सगळे तुरे मोडले.

"माझ्या दादाला एकच कशाला?"

मग तो बांधावर राखणीला बसला. दादाचं म्हणून एवढंच उरलं होतं.

एके सकाळी वाफ्यात वहिनी दिसली. कणसाच्या टोकाला लोंबणारे केस ती खुणा केलेल्या काडीने मोजत होती. मग तिने फडक्यातली पिवळी धूळ एका कणसावर झटकली.

धाकट्याच्या मनात पाल चुकचुकली. माहेरी न्यायला कणसं हेरते की काय? की करणी?

"वहिनी, काय टाकलंस?"

"तुऱ्याची धूळ, भाऊजी. ओढ्यापलीकडच्या शेतातली. इथले तुरे तुम्ही मोडलेत. धूळ मिळाली की केस वाढायचे थांबतात, दाणा धरतो. हे उपाशी आहेत, म्हणून लांबतायत. दुसऱ्याची का असेना, धूळ घातली तर तुमच्या दादांचा वाण निम्मा तरी वाचेल."

"दादाला खाल्लंस, आता त्याचं बी खायला आलीस!"

वहिनीचा चेहरा उतरला. "ते माझेही कुणीतरी होते," एवढंच म्हणून ती निघून गेली.

धाकट्याने वाफ्याला काटे लावले. केस रोज लांबत होते.

"बघा, दादाची कणसं कशी तरारलीत!" तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. एकाच कणसाचे केस आखडून सुकले होते.

"हिचा हात लागला, ते मेलं." त्याने ते मोडून म्हशीपुढे टाकलं.

पुढे सगळेच केस करपले. त्याने एक कणीस सोललं. आत दाणा नव्हता. दुसरं सोललं, तेही तसंच. तो धावत वहिनीकडे गेला.

"वहिनी, चल, धूळ घाल!"

तिने केस बोटांवर घेतले. ते चुरले.

"म्हातारे झाले, भाऊजी. आता धूळ धरत नाहीत. पण मी झटकलेलं ते एक कणीस असेल ना?"

"ते मी म्हशीला घातलं, वहिनी," धाकटा म्हणाला. तो लाल दाणा त्या गावात पुन्हा कुणी पाहिला नाही.

बोध: दुःखात संशयाला राखणीला बसवलं, तर तो आधी आपलंच शेत मोडतो.