नारळाबरोबर परत दिलेलं कुलूप

एकदा एका ज्ञानी वृद्धाचा शिष्य भाड्याच्या घरात राहायला आला. घर लावून द्यायला गुरुजीही बरोबर आले होते. पत्नीला दिवस गेलेले, जुनी खोली सकाळीच सोडलेली आणि सामानाचा टेम्पो दारात उभा. मागे फिरायला जागा नव्हती, हे आधी ध्यानात घ्या.

घरमालक वरच्याच मजल्यावर राहत. त्यांनी किल्ली शिष्याच्या हाती ठेवली. “एकच आहे हो, जपा. बाकी घर तुमचंच समजा,” असं म्हणून ते चहाला वर गेले.

शिष्य भारावला. “गुरुजी, किती सज्जन माणूस.”

“असेलही,” गुरुजी म्हणाले आणि सामानाला हात न लावता समोरच्या बिऱ्हाडात पाणी प्यायला गेले. तिथे घटकाभर रमलेच. नव्या घरात शिरण्यापूर्वी समोरच्या घरी पाणी मागावं. पाण्याबरोबर बरंच काही मिळतं, आणि शेजारी सांगायला बसलेलेच असतात.

तिथल्या बाई म्हणाल्या, “माणूस वाईट नाही हो. पण आधीचे भाडेकरू गावाहून आले, तर घरातल्या कुंड्यांना पाणी घातलेलं. कुलूप तर जसंच्या तसं. आता आभार मानायचे की भांडायचं? महिनाभर कुढले बिचारे आणि गेले सोडून.”

गुरुजी परत आले आणि शिष्याला म्हणाले, “बाजारातून नवं कुलूप घेऊन ये.”

“पण हे चांगलं आहे.”

“चांगलंच आहे. म्हणून तर परत द्यायचंय.”

नवं कुलूप आलं. मग गुरुजींनी ताटात हळद-कुंकू घेतलं, उंबऱ्यावर वाढवायला आणलेला नारळ ठेवला, त्याच्याशेजारी मालकांचं जुनं कुलूप किल्लीसकट मांडलं आणि मालकांना खाली बोलावलं.

शिष्याची पत्नी हळूच म्हणाली, “अहो, मग उंबऱ्यावर काय वाढवायचं?”

“आधी उंबरा आपला राहतोय का बघू,” शिष्य पुटपुटला.

मालकांनी ताट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “हे काय? माझ्यावर विश्वास नाही? मग दुसरं घर बघा. टेम्पो अजून भरलेलाच आहे.”

शिष्याने हात जोडले. पत्नी भिंतीला टेकून खाली बसली. गुरुजींचा आवाज मात्र चढला नाही.

“मालक, रागावू नका. उद्या हिची अंगठी जागेवर दिसली नाही, तर ती कदाचित हिनेच तांदळाच्या डब्यात ठेवलेली असेल. पण तुमच्याकडे किल्ली असली, तर ही आधी वर तुमच्या जिन्याकडे बघेल. तुम्ही निर्दोष असाल, पण ते सिद्ध कसं कराल? चोरावर फिर्याद करता येते. संशय आलेल्या सज्जनावर धड फिर्यादही करता येत नाही आणि त्याच्याबरोबर धड चहाही पिता येत नाही.”

“आणि नळ फुटला तर? हे गावाला गेलेले असले तर?”

“जाताना किल्ली समोरच्या बाईंकडे राहील. यांना फोन करा आणि बाईंना बरोबर घेऊन दार उघडा. घर तुमचं आहे, ते कोण नाकारतो? पण आतलं राहणं यांचं आहे.” मग ते शिष्याकडे वळले. “आणि तू. गोड बोलण्याला भुललास तसाच आता रागाला भ्यायलास. अरे, संशय यायचाच. तो उंबऱ्याबाहेर उघडपणे बोलून टाकला, तर आत निर्धास्त राहता येतं. भिडेपोटी गिळून आत नेलास, तर तो तुझ्याआधी चूल मांडतो.”

बाहेर टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला.

मग मालकांनी कमरेचा जुडगा काढला. त्यातली एक किल्ली नखाने ओढून सोडवली आणि ताटात पहिल्या किल्लीशेजारी ठेवली. शिष्य त्या दोन किल्ल्यांकडे बघत राहिला. गुरुजींनी मात्र नजर दुसरीकडे वळवली. मालकांना शरमिंदं करायला ते आलेच नव्हते.

मालक ताट घेऊन वर गेले. सामान उतरलं. कडीला नवं कुलूप लटकलं.

संध्याकाळी भांडी लागत होती, दार सताड उघडं होतं. मालक वरून खाली आले. दोन्ही हातांत पाण्याची कळशी होती, कारण खालच्या नळाला सकाळपर्यंत पाणी येत नाही हे त्यांना ठाऊक होतं. ते उंबऱ्याशी थांबले. बाहेरूनच, किंचित अवघडून त्यांनी विचारलं, “येऊ का आत?”

शिष्याने लगबगीने पुढे होऊन कळशी घेतली. “या ना काका,” तो म्हणाला, आणि सकाळपासून पहिल्यांदाच त्याला ते घर आपलं वाटलं.

ज्या दारात मालकालाही विचारून यावं लागतं, त्याच दारातून त्याला मनापासून ‘या’ म्हणता येतं.